केल्टिक धाटणीच्या जगातली सरदार घराणी: राजा मेल्यावर गादी कोणाची?

दलदलीचा_पहारेकरी

नमस्कार मंडळी. आमच्या गटासाठी एक रोलप्लेइंग जग (ज्यात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होऊन गोष्ट खेळतो) बांधतोय आणि एका जागी अडलोय.

जगाचं नाव इनिस वेरान. पश्चिम समुद्रातलं बेट, सतत पाऊस, मधोमध मोठी पाणथळ, भोवती कुरणं, उत्तरेला उघडेबोडके डोंगर. लोखंडी हत्यारं आहेत, मोठी शहरं नाहीत. जादू आहे, पण ती फक्त कवींकडे आणि टेकड्यांखाली राहणाऱ्या जुन्या लोकांकडे. घराणी पाच: तेर्नोख (उत्तरेचे, गुरांचे कळप बाळगणारे), ब्रेकान (सध्या राजपद यांच्याकडे), दुलास (नदीच्या मुखाशी, होड्या आणि मीठ), काएरुइन (पूर्वेचे, जुन्या वैभवाचा अभिमान असलेले) आणि इस्कार (पाणथळीतले, सगळे त्यांना जरा टरकून असतात).

प्रत्येकाला चिन्ह दिलंय, रंग दिलाय, ब्रीदवाक्य आणि एक एक दगडी किल्ला दिलाय. कागदावर सगळं देखणं आहे. खेळताना मात्र खेळाडूंच्या तोंडी "ते निळेवाले" आणि "ते लांडगेवाले" एवढंच येतं. दुलासचा सरदार आणि काएरुइनचा सरदार समोरासमोर बसवले तरी दोघं सारखेच बोलतात, कारण दोघांना एकच गोष्ट हवी आहे: सिंहासन.

पुढच्या भागात म्हातारा राजा तोर्गन ब्रेकान मरणार आहे. त्याला तीन मुलगे. थोरला युवराज, म्हणून गादी त्याची, आणि बाकीची चार घराणी त्याच्याविरुद्ध उठणार, असा आराखडा आहे. तो मला फिका वाटतो. हे असं कुठल्याही मध्ययुगीन राज्यात घडू शकतं. केल्टिक, म्हणजे जुन्या आयर्लंड-वेल्सच्या लोकांचं म्हणावं असं त्यात नावं आणि धुकं सोडून काही उरत नाही.

खेळाडू चार, चौघांची पात्रं चार वेगळ्या घराण्यांतली. नियम हलके आहेत, त्यामुळे नवं काही जोडायला भरपूर वाव आहे. वारसाचा प्रश्न खरोखर त्या मातीतला वाटावा आणि घराणी एकमेकांपासून वेगळी ओळखू यावीत, यासाठी काय कराल?


फाशांची_पिशवी

घराणं खेळाडूंना दिसत नाही, माणसं दिसतात. म्हणून आधी प्रत्येक घराण्याचा एकच चेहरा पक्का करा. त्या माणसाला काय हवंय, तो कोणाचं देणं लागतो आणि कोणासमोर त्याची मान खाली जाते, या तीन गोष्टी ठरल्या की ब्रीदवाक्याची गरज उरत नाही. पाणथळीतल्या इस्कारांची प्रमुख एखादी विधवा असेल आणि तिच्या नवऱ्याला ब्रेकानांनी ओलीस ठेवलेलं असताना मरण आलं असेल, तर "इस्कार" हे नाव कोणी विसरणार नाही.

दोन बारीक गोष्टी. तेर्नोख आणि तोर्गन दोन्ही "त"वरून सुरू होतात आणि दोन्हींत "र" आहे. टेबलावर बोलताना हमखास गोंधळ होतो, एक नाव बदला. आणि पाचही घराणी पहिल्याच बैठकीत आणू नका. तीन आणा, उरलेल्या दोघांचा नुसता उल्लेख येऊ द्या.

इतिहासाची पानंच्या पानं वाचायला देऊ नका एवढी कळकळीची विनंती. खेळाडूंनी आधी माणसांवर जीव लावला पाहिजे, मग वंशावळ ते स्वतःच मागतात.


ओघम_रेषा

पिशवीभाऊंचं माणसांबद्दलचं म्हणणं पटतं. पण ही माणसं एकमेकांत कशाने गुंतवायची, याचं उत्तर जुन्या आयर्लंडच्या कायद्यांत इतकं तयार पडलंय की ते न घेणं मला पाहवत नाही. मी गेली कित्येक वर्षं याच कायद्यांवर बेतलेलं जग चालवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम: युवराज काढून टाका.

जुन्या आयरिश समाजात थोरल्या मुलाला आपोआप गादी मिळत नसे. हक्क असे तो भावकीचा. तिला ते डेर्व्हिने म्हणत: एका पणजोबाचे पुरुषाकडून आलेले सगळे वंशज, चार पिढ्यांचा गोतावळा. त्यातला कोणीही धडधाकट, कर्तबगार, पाठबळ असलेला पुरुष राजा होऊ शके. भाऊ, चुलतभाऊ, काका, पुतण्या, सगळे एकाच रांगेत. राजा जिवंत असतानाच पुढचा माणूस निवडून ठेवायची पद्धतही होती, त्याला तानिश्ते म्हणत. पण निवडलेला तानिश्ते आणि प्रत्यक्ष गादीवर बसणारा माणूस एकच असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नसे.

आता तुमचा तोर्गन बघा. त्याच्या पणजोबापासून खाली मोजलं तर गादीवर हक्क सांगू शकणारे पंधरा-वीस पुरुष सहज निघतील. तोर्गनचे तीन मुलगे त्यातले फक्त तीन. बाकीच्यांत कोणाचा बाप राजा होता, कोणाचा आजा. आणि ज्याच्या शाखेत राजपद येऊन तीन-चार पिढ्या झाल्या, त्याला कळून चुकलंय की यावेळी हुकलं तर आपली मुलं कायमची या वर्तुळाबाहेर पडणार. तो माणूस काय करेल? शांतपणे घरी बसणार नाही. तुमच्या आराखड्यात चार घराणी ब्रेकानांवर चालून येतात. माझ्या मते ब्रेकानच आधी फुटले पाहिजेत आणि बाकीच्या चौघांनी आपापला ब्रेकान निवडला पाहिजे. दुलासचा उमेदवार एक, तेर्नोखांचा दुसरा. मग दुलास आणि काएरुइन एकसारखं बोलूच शकत नाहीत, कारण सिंहासन त्यांना स्वतःला नकोच आहे. त्यांना सिंहासनावर आपल्या उपकाराखालचा माणूस हवाय.

ही अटीतटी खऱ्या इतिहासात शतकानुशतकं चालली. ई नील या मोठ्या राजवंशाच्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाखांनी ८व्या शतकापासून १०व्या शतकाच्या अखेरीपर्यंत, मोजके अपवाद सोडता, ताराचं (आयर्लंडमधल्या या टेकडीशी जोडलेलं सर्वांत मानाचं) राजपद आलटूनपालटून घेतलं. एकदा उत्तरेच्या केनेल नोगनचा माणूस, एकदा दक्षिणेच्या क्लान खोलमानचा. या समतोलाला १००२ मध्ये तडा दिला तो बाहेरच्या, म्हणजे दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरच्या राजाने, ब्रायन बोरूने. तुमच्या जगात ब्रेकानांच्या दोन शाखा अशा आळीपाळीने राज्य करत आल्या असतील आणि तोर्गनने मरण्यापूर्वी पाळी मोडून आपल्याच मुलाचं नाव पुढे केलं असेल, तर बेटभर आग लागायला तेवढं पुरे.

दुसरं: राजा अव्यंग हवा. शरीरात उणेपण आलं की राजपद जातं, ही धारणा खोल रुजलेली होती. ७व्या शतकातला काँगल काएख नावाचा राजा मधमाशीने डोळ्याला डंख केल्यामुळे ताराच्या राजपदाला मुकला, असं मधमाश्यांविषयीच्या एका जुन्या कायदेग्रंथात नोंदवलेलं आहे. हो, मधमाश्यांवर स्वतंत्र कायदा होता. पोळं कोणाचं, शेजाऱ्याच्या रानातून मध आणणाऱ्या माश्यांचा वाटा कोणाला, सगळं त्यात आहे. खेळासाठी याचा अर्थ फार मोठा आहे: उमेदवाराला ठार मारायची गरजच नाही. एक बोट, एक डोळा, चेहऱ्यावरचा एक व्रण पुरतो. खेळाडूंपैकी कोणाला तरी असं काम सांगितलं जाऊ द्या आणि टेबलावर काय शांतता पसरते ते बघा.

तिसरं: दगडी किल्ले आणि ढालीवरची चिन्हं. माझं मत आहे की दोन्ही पुसून टाकावीत. आयर्लंडमध्ये घराण्यांची चिन्हं रंगवण्याची कला नॉर्मन लोकांबरोबर आली आणि ते तिथे उतरले ११६९ मध्ये. त्याआधीचा सरदार राहत असे मातीच्या गोल तटाआडच्या घरात. अशा गोल गढ्यांच्या सुमारे ४५,००० खुणा आयर्लंडभर सापडतात, म्हणजे ही जागा म्हणजे राजवाडा नव्हे, खात्यापित्या घराचा वाडा. तळ्यात लाकूड, दगड आणि झुडपं टाकून केलेली कृत्रिम बेटंही होती, त्यांना क्रॅनॉग म्हणतात. इस्कारांना तुम्ही पाणथळीत वसवलंय आणि वर दगडी किल्ला दिलाय. त्यांना क्रॅनॉग द्या. पाण्याखालून जाणारी नागमोडी पायवाट फक्त घरच्यांना माहीत. लोक त्यांना का टरकतात ते सांगावं लागणार नाही.

आणि खजिना म्हणजे गुरं. जमीन महत्त्वाची होतीच, पण सरदाराचा दर्जा ठरत असे त्याच्याकडून गुरं घेतलेल्या आश्रितांवरून. सरदार गाई देई. त्या बदल्यात आश्रित धान्य, मांस, श्रम आणि हिवाळ्यात सरदाराच्या लवाजम्याला पाहुणचार देई. इसवी सन ७००च्या आसपास लिहिलेल्या 'क्रिथ गॅब्लाख' या कायदेग्रंथात सरदारांच्या पायऱ्या अशा मोजल्यात: सर्वांत खालच्या सरदाराला दहा आश्रित, सर्वांत वरच्याला चाळीस. तुमच्या घराण्यांची ताकद सैन्याच्या आकड्यात लिहू नका, आश्रितांत लिहा. तेर्नोखांची पाचशे गुरं एका रात्रीत पळवली गेली, तर त्यांचे आश्रित दुसऱ्या सरदाराकडे बघू लागतील, आणि रक्ताचा थेंब न सांडता एक घराणं खाली येईल. नवा राजा गादीवर बसला की त्याने शेजारच्या राज्यात गुरांची धाड घालून दाखवावी, अशी अपेक्षाच असे. सभेनंतरचा तुमचा पुढचा भाग इथे आयता मिळाला.

आता माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा विषय: मुलं दुसऱ्या घरी वाढवायला देणं.

सरदारांची मुलं लहानपणीच दुसऱ्या घराण्याकडे सोपवली जात. मुलगा साधारण सतरा वर्षांचा आणि मुलगी चौदाची होईपर्यंत तिथे राही. पालक बाप तिला-त्याला त्याच्या दर्जाला साजेसं शिकवी: सरदाराच्या मुलाला घोड्यावर बसणं, पोहणं, नेम धरणं, पटावरचे खेळ, मुलीला शिवण आणि भरतकाम. कोणत्या दर्जाच्या मुलाला कसली लापशी द्यायची हेसुद्धा कायद्याचे भाष्यकार लिहून ठेवतात. साध्या घरातल्या मुलाची ताकात किंवा पाण्यात शिजवलेली, सरदाराच्या मुलाची ताज्या दुधातली, राजपुत्राची दूध आणि मध घातलेली. एकाच चुलीभोवती बसलेली तीन मुलं, तीन वाडग्यांत तीन वेगळ्या लापश्या. मोठेपणी ही तिघं एकमेकांकडे कशी बघतील, याचा विचार करा.

या नात्याचं वजन रक्ताच्या नात्याइतकं असे, पुष्कळदा जास्तच. म्हातारपणी पालक आईबापांना सांभाळणं हे त्या मुलाचं कर्तव्य. आणि इथेच तुमची पाच घराणी एकमेकांत विणली जातात. तोर्गनचा मधला मुलगा इस्कारांच्या क्रॅनॉगवर वाढलाय. तेर्नोखांच्या प्रमुखाची बहीण दुलासकडे वाढली. तुमचा एक खेळाडू जर अशा घरात वाढला असेल ज्याच्यावर आता त्याच्या जन्मघराण्याला चालून जायचंय, तर त्याला तुम्ही काही सांगायची गरज नाही, तो रात्रभर झोपणार नाही.

कवी आणि उपोषण यांबद्दल थोडक्यात, कारण आधीच बरंच झालं. सर्वोच्च दर्जाच्या कवीचा मान छोट्या राज्याच्या राजाइतका होता. त्याने केलेली निंदा चेहऱ्यावर फोड उठवते असं लोक मानत, आणि फोड म्हणजे व्यंग, व्यंग म्हणजे राजपद गेलं. तुम्ही जादू कवींच्या हाती दिलीच आहे, आता तिला हे दात द्या. उपोषणाचं असं: बड्या माणसाकडून देणं वसूल करायचं तर त्याच्या दाराशी उपाशी बसायचं. त्याने दुर्लक्ष करून जेवण केलं तर त्याची पत गेली. त्याने तारण देऊ केलं आणि तरी उपाशी बसणारा उठला नाही, तर याचा दावा बुडाला. तलवार न उपसता दोन पात्रांमध्ये याहून चुरशीचा सामना मला ठाऊक नाही.


दलदलीचा_पहारेकरी

ओघमताई, माझा आख्खा नकाशा पालटला. चिन्हं आणि किल्ले आज रात्रीच पुसतोय. तोर्गनचं नाव आता 'मेर्ख' करतो, म्हणजे पिशवीभाऊंचा "त"चा गोंधळही मिटला.

दोन शंका. दुलासच्या प्रमुखाला मुलगा नाही, एकच मुलगी आहे आणि ती एका खेळाडूचं पात्र आहे. भावकी फक्त पुरुषांची असेल तर तिला कथेत बाजूला बसावं लागेल का? मला ते अजिबात नको आहे. दुसरं म्हणजे काएरुइन अजून कोरेच आहेत. जुन्या वैभवाचा अभिमान यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही सुचलेलं नाही.


ग्विनेदचा_वाटसरू

काएरुइन माझ्याकडे द्या. नाव ऐकूनच ते वेल्श वाटतात, तर त्यांना खरोखर वेल्श करा. सगळ्या बेटाला एकच "केल्टिक" रंग फासला की सगळं मिसळून करडं होतं. आयरिश आणि वेल्श भाषा एका मोठ्या कुटुंबातल्या असल्या तरी ऐकायला दूरच्या आहेत. तेर्नोखांच्या लोकांची नावं 'मॅक' आणि 'ओ' लावून करा, मुलींना 'नी'. काएरुइनच्या माणसांना 'अप' आणि मुलींना 'वेर्ख' लावा. नाव कानावर पडताच माणूस बेटाच्या कुठल्या टोकाचा हे खेळाडूला कळेल.

वारसाहक्कही वेगळा. वेल्श कायदा १०व्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखला जातो. त्यात जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई, आणि बापाने आपला म्हटलं की लग्नाबाहेरच्या मुलालाही वाटा. लग्नाबाहेरच्या मुलाचा हा वाटा इंग्रजांनी १२८४च्या रुडलनच्या कायद्याने बंद केला. म्हणजे काएरुइनांचं वैभव जुनं का, याचं उत्तर सोपं आहे: दर पिढीला ते वाटून वाटून लहान झालं. पूर्वेचं एक मोठं राज्य होतं, आता सहा भावांच्या सहा गढ्या आहेत, प्रत्येकाला आजोबांचं अखंड राज्य परत उभारायचंय आणि त्यासाठी उरलेले पाच आडवे येतात.

ओघमताईंनी पालक-घराबद्दल लिहिलं, त्याला जोड म्हणून एक खरी हकीकत सांगतो. उत्तर वेल्समधल्या ग्विनेदचा राजा ओवाइन ११७० मध्ये वारला. त्याचा मुलगा हवेल हा योद्धा होता आणि उत्तम कवीही. त्याची प्रेमाची आणि आपल्या भूमीच्या स्तुतीची काव्यं आजही वाचायला मिळतात. बाप गेला त्याच वर्षी अँगलसी बेटावर पेंट्राइथला त्याच्या सावत्र भावांनी, डेव्हिड आणि रोद्री यांनी, त्याला लढाईत मारलं. त्याच्या बाजूने कोण लढलं? तो ज्या घरात वाढला त्या घरची मुलं, केदिवोरचे मुलगे. त्यातले कित्येक त्याच्याबरोबर तिथेच पडले, आणि वाचलेल्या पेरीव्हने आपल्या भावांवर शोकगीत रचलं. एका बापाच्या मुलांनी मारलं आणि परक्या बापाच्या मुलांनी जीव दिला. तुमच्या बेटावरच्या सगळ्या घराण्यांचं गणित मला या एका दिवसात दिसतं. ही घटना जशीच्या तशी उचलू नका, पण मेर्खच्या मधल्या मुलाचा विचार करताना ती डोळ्यांसमोर ठेवा.


फाशांची_पिशवी

हवेलची गोष्ट वाचून मी काही वेळ नुसता बसून राहिलो. माझं आधीचं म्हणणं थोडं पुढे नेतो: प्रत्येक घराण्याला एक चेहरा द्या म्हणालो होतो, आता म्हणेन की त्या चेहऱ्याला दोन घरं द्या, जन्माचं आणि वाढल्याचं. पात्राच्या कागदावर या दोन ओळी सगळ्यांत वर असाव्यात, ताकद आणि चपळाईच्याही वर.


ओघम_रेषा

वाटसरू, पेंट्राइथबद्दल तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. पेरीव्हचं ते गीत मला नेहमी हलवून टाकतं.

पहारेकरी, दुलासच्या मुलीबद्दल. तिला बाजूला बसवायचं काही कारण नाही. आयरिश कायद्यात मुलगा नसलेल्या बापाची मुलगी वारस होऊ शके. जमीन तिच्याकडे तिच्या हयातीपुरती राही आणि नंतर सहसा बापाच्या भावकीकडे परत जाई. पण हयातीत ती खरी मालकीण. तिने बिनजमिनीच्या माणसाशी लग्न केलं तर त्याचा दर्जा तिच्यावरून मोजला जाई, तिचा त्याच्यावरून नाही. म्हणजे तुमच्या खेळाडूच्या हाती नदीचं मुख, होड्या आणि मीठ आहे. बेटावरचा प्रत्येक धाकटा मुलगा तिच्याशी लग्नाला तयार आहे. आणि तिचे चुलतभाऊ तिच्या मरणाची वाट पाहताहेत. मला तर हे पात्र राजपदाच्या उमेदवारांपेक्षा जास्त खेळावंसं वाटतं.

राजघराण्यातल्या बायका किती जागी एकाच वेळी उभ्या असत याचं उदाहरण हवं असेल तर गोर्मलेथ पाहा. पूर्व आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. आधी डब्लिनच्या नॉर्स (व्हायकिंग) राजाची बायको, पुढे ब्रायन बोरूची. पहिल्या लग्नातला तिचा मुलगा सिट्रिक डब्लिनचा राजा झाला आणि त्याने लग्न केलं ब्रायनच्या मुलीशी. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत ब्रायनच्या विरुद्ध बाजूला गोर्मलेथचा भाऊही होता आणि हा सिट्रिकही, जो ब्रायनचा सावत्र मुलगाही होता आणि जावईही. ब्रायनचं सैन्य जिंकलं, पण ब्रायन स्वतः, त्याचा मुलगा मुरखा आणि नातू त्या एका दिवसात गेले. सिट्रिक पुढे बरीच वर्षं राज्य करत राहिला. दुलासची मुलगी कोणाशी लग्न करते, यावर तुमच्या बेटाचं सगळं भविष्य उभं राहू शकतं ते असं.

आता नियम. माझ्या टेबलावर ताकदीच्या गुणांहून मानमूल्य मोठं. जुन्या कायद्यात प्रत्येक मोकळ्या माणसाच्या इज्जतीची किंमत ठरलेली होती आणि अपमान, जखम, करारभंग, सगळ्याची भरपाई त्या हिशोबाने होई. छोट्या राज्याच्या राजाचं मानमूल्य सात कुमल (किंमत मोजायचं जुनं माप), एका कुमलला तीन दुभत्या गाई धरल्या तर एकवीस गाई. खालच्या माणसाची शपथ वरच्या माणसाच्या शपथेपुढे टिकत नसे. तुमच्या खेळात प्रत्येक पात्राच्या कागदावर गाईंचा एक आकडा लिहा. वाद झाला की आधी हा आकडा बोलतो, फासे नंतर.

आणि हा आकडा पडू द्या, तिथे खरी धार आहे. राजा पाठीवर जखम घेऊन, म्हणजे पळताना घाव खाऊन आला, तर त्याचं मानमूल्य सामान्य माणसाइतकं होई. राजाच्या हाती कुदळ, कुऱ्हाड किंवा मोगरी दिसली, तरी तेच. निंदाकाव्य मुकाट्याने ऐकून घेतलं, खोटी साक्ष दिली, आलेल्या पाहुण्याला जेवण नाकारलं, की घसरण. एकदा माझ्या गटातल्या एका राजपुत्राने पुरात वाहून जाणाऱ्या आश्रितांसाठी स्वतः कुऱ्हाड घेऊन झाडं तोडली आणि बांध घातला. गाव वाचलं, त्याचं मानमूल्य गेलं, आणि नंतरच्या सभेत त्याचा प्रतिस्पर्धी नेमकं तेच बोलला. त्या खेळाडूने मान वर ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि उमेदवारी मागे घेतली नाही. असे प्रसंग चिन्हांतून आणि ब्रीदवाक्यांतून येत नाहीत.

सभेसाठी माझी मांडणी अशी असेल. मेर्ख मेला आहे हे सगळ्यांना कळू द्या, पण सभा सवनच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरच्या आसपास ठेवा. तोवर महिनाभर मोकळा सोडा. गुरं डोंगरावरून खाली उतरताहेत, हिवाळ्याचं देणंघेणं चालू आहे, ओलीस ठेवलेली मुलं परत मागितली जाताहेत. ब्रेकानांचे उमेदवार तीनच ठेवा: थोरला मुलगा, ज्याच्याकडे बापाचे आश्रित आहेत, मधला, इस्कारांकडे वाढलेला, आणि दुसऱ्या शाखेतला चुलतकाका, ज्याची पाळी खरं तर आली होती. धाकट्या मुलाला उमेदवार करू नका. तो तेर्नोखांकडे ओलीस आहे आणि त्याने कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. या मुलाला तुमच्या खेळाडूंपैकी एकाने सोडवायला जावं अशी माझी फार इच्छा आहे.

खेळाडूंना सभेत मत देऊ नका, त्यांना जामीन करा. जुन्या करारांत जामीन हाच कणा असे: मी याच्यासाठी माझी इज्जत गहाण टाकतो, असं चारचौघांत म्हणणारा माणूस. प्रत्येक उमेदवार आपल्यासाठी जामीन मागेल. जो खेळाडू उभा राहील, त्याच्या कागदावरच्या गाई त्या उमेदवाराला बांधल्या जातील. उमेदवाराने शब्द मोडला की या खेळाडूचा आकडा शून्यावर.

एवढं करायला एक बैठक पुरणार नाही, दोन धरा. आणि इस्कारांकडे मधल्या मुलाबरोबर आणखी कोण कोण वाढलं ते ठरलं की इथे लिहा, मला त्या क्रॅनॉगवरच्या चुलीभोवती कोण बसलं होतं ते जाणून घ्यायचंय.


दलदलीचा_पहारेकरी

त्याच्याबरोबर वाढलेली तिघं: इस्कारांची स्वतःची मुलगी, काएरुइनांच्या सहा भावांपैकी सगळ्यांत धाकटा, आणि एका आश्रिताचा पोर, ज्याला ताकातली लापशी मिळायची. हा तिसरा आता बेटावरचा सर्वांत मोठा कवी आहे. मधला मुलगा रोज लपून आपल्या वाडग्यातला मध त्याला देई की नाही, हे मी त्या खेळाडूवर सोडणार आहे जो मधल्या मुलासाठी जामीन राहील.